आधी रताळं भाजा, मग मफिनचं बघू

पत्र असं आहे:

“मुलगी चार वर्षांची, मुलगा नऊ महिन्यांचा. घरात ओव्हनपाशी मीच असतो. मुलीला फळांचे मफिन फार आवडतात, म्हणून ठरवलं की साखर पूर्ण बंद करायची आणि गोडी भाज्यांची आणायची. नेहमीच्या कृतीतली १५० ग्रॅम साखर काढली आणि तिच्या जागी १५० ग्रॅम गाजराचा कीस आणि १०० ग्रॅम उकडलेल्या बीटचा गर घातला. ब्लूबेरी होत्याच. फुगायला हवेत म्हणून खायचा सोडा दुप्पट केला. बारा मफिन झाले. वरून फिके, आतून चिकट, ब्लूबेरीभोवती हिरवट वर्तुळं आणि तोंडात मातीची चव. मुलीने एक घास घेतला, बाहेर काढला आणि म्हणाली, ‘बाबा, याला साबण लागलाय.’ माझी आई म्हणते, दोन चमचे साखर घातली तर काय बिघडणार आहे? साखर बीटपासूनही बनते ना, मग माझे मफिन गोड का झाले नाहीत? साखरेऐवजी मध चालेल का, म्हणजे धाकट्यालाही देता येतील? मोठीला भाज्या घातल्याचं सांगावं की लपवावं? तीन आठवड्यांनी तिचा वाढदिवस आहे. तेव्हा हेच मफिन करायचे आहेत. – एक बाबा”

प्रिय बाबा,

तुमच्या प्रश्नांपैकी एकाचं उत्तर बाकी सगळ्याच्या आधी द्यायला हवं, ते म्हणजे मध. धाकट्याला वर्ष पूर्ण होईपर्यंत मध कोणत्याही रूपात देऊ नका, भाजलेल्या मफिनमधूनही नको. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात ते सहसा रुजत नाहीत, वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात मात्र रुजून विष तयार करू शकतात. ओव्हन दोनशे अंशांवर असला तरी मफिनच्या आतलं तापमान शंभर अंश सेल्सिअसच्या वर जात नाही, आणि तेवढ्या उष्णतेला हे बीजाणू पुरून उरतात. त्यामुळे “शिजवलंय, आता चालेल” हा हिशोब इथे लावायचा नाही. घरात एकच घाणा करून दोन्ही मुलांना द्यायचा असेल तर मधाची बाटली त्या दिवशी कपाटातच राहू दे.

आता तुमचे ते बारा मफिन. तुम्ही चुकलात कुठे हे पाहायला वहीपेन्सिल घेऊन बसलं तर दोन मिनिटांत कळतं. शंभर ग्रॅम कच्च्या गाजरात साखर साधारण पाच ग्रॅमच्या आत असते आणि पाणी ८८ ग्रॅमच्या आसपास. बीटमध्ये साखर सात ग्रॅमच्या जवळपास, पाणी जवळजवळ गाजराइतकंच. म्हणजे तुम्ही घातलेल्या अडीचशे ग्रॅम भाजीतून सगळी मिळून १४ ग्रॅम साखर आली. तुम्ही बाहेर काढली होती १५०. एका मफिनच्या वाट्याला भाजीतून जेमतेम एक ग्रॅम गोडी आली आणि तिच्यासोबत पूर्ण घाण्यात सुमारे २२० ग्रॅम पाणी आलं, ज्याची तुमच्या कृतीत काही सोयच नव्हती. फिकेपणा, चिकटपणा आणि बेचव हे तिन्ही या दोन आकड्यांतून निघतात. तुमच्या हाताला दोष देण्यासारखं यात काही नाही. साखर काढून तेवढ्याच वजनाची भाजी घाला असं सांगणाऱ्या कृती सगळीकडे असतात, आणि त्या लिहिणाऱ्यांनी हा हिशोब केलेला नसतो.

बीटपासून साखर बनते, ही तुमची माहिती खरी आहे. बर्लिनमधल्या आंद्रेआस मार्गग्राफ या रसायनशास्त्रज्ञाने १७४७ मध्ये दाखवून दिलं की बीटमधून निघणारे स्फटिक आणि उसाच्या साखरेचे स्फटिक एकच. त्याच्या शिष्याने, फ्रान्झ आखार्डने, जास्त साखरेचे बीट निवडून निवडून वाढवले आणि १८०१ मध्ये सिलेशियात (हा भाग आज बराचसा पोलंडमध्ये आहे) बीटसाखरेचा कारखाना उभा केला. पण तो शर्कराबीट वेगळा. पांढरा, जाडजूड, आणि पिढ्यान्‌पिढ्या निवड होत होत आज त्यात १५ ते २० टक्के साखर असते. आपण जेवणात खातो त्या लाल बीटमध्ये त्याच्या निम्मीही नसते. आडनाव एक, घराणी दोन.

आणि मातीची चव? ती तुमच्या धुण्यातली कसूर नव्हती. बीटमध्ये जिऑस्मिन नावाचं द्रव्य असतं. पहिल्या पावसानंतर मातीला जो वास येतो, त्यातही हेच. आपलं नाक त्याच्या बाबतीत विलक्षण तीक्ष्ण आहे, अगदी नगण्य मात्राही ओळखतं. सालीत ते जास्त असतं, म्हणून साल जाड काढावी, आणि आंबटपणाने ते मोडतं, म्हणून गरात चमचाभर लिंबाचा रस घालावा. तरीही चार वर्षांच्या मुलीच्या फळांच्या मफिनमध्ये मी बीट घालणार नाही. मोठ्यांसाठी कोकोसोबत घाला, कोको त्याला सांभाळून घेतो. (मुलीने कधी बीट खाल्लंच आणि दुसऱ्या दिवशी लघवी गुलाबी दिसली तर घाबरू नका. काहींच्या बाबतीत बीटचा रंग तसाच उतरतो.)

साबणाची चव मात्र सोड्याची. मुलीने अगदी अचूक नाव ठेवलं. खायच्या सोड्याला मिश्रणात आंबट काहीतरी लागतं. दही, लिंबू, ताक, फळाचा गर, काहीही. ते पुरेसं नसलं तर उरलेला सोडा उष्णतेने सोडियम कार्बोनेट होऊन बसतो, आणि त्याची चव साबणासारखीच लागते. हिरवी वर्तुळंही त्याचीच. ब्लूबेरीतलं निळं रंगद्रव्य आंबटात लालसर होतं, आणि सोड्यासारख्या अल्कलीत निळसर-हिरवं. अपाय काही नाही, पण मुलांना हिरवं फळ दिसलं की त्या घासाचं भवितव्य ठरलेलं असतं. सोडा दुप्पट केल्याने मफिन दुप्पट फुगत नाहीत. वायू भराभर निघून जातो आणि मफिन मध्ये बसतात.

आता थोडं थांबून साखरेबद्दल बोलायला हवं, कारण तिला नुसती गोडी समजून काढली की पुढचं सगळं बिघडतं. मफिनमध्ये साखर चार कामं करते. ती पाणी स्वतःकडे ओढून धरते, त्यामुळे पिठाला चिवटपणा देणाऱ्या ग्लूटेनला पूर्ण पाणी मिळत नाही आणि मफिन मऊ राहतो. स्टार्च घट्ट होण्याचं तापमान ती वर ढकलते, म्हणून मिश्रणाला फुगायला चार मिनिटं जास्त मिळतात. वरचा तांबूस रंग बराचसा तिच्यामुळे येतो. आणि दुसऱ्या दिवशीही मफिन ओलसर राहतो तो तिच्यामुळे. साखर गेली की ही चारही कामं कुणाला तरी वाटून द्यावी लागतात. तेल किंवा लोणी थोडं वाढवलं की मऊपणा येतो. दह्याने ओलावाही येतो आणि सोड्याला जोडीदारही मिळतो. रंगासाठी ओव्हन सुरुवातीला जास्त गरम ठेवायचा. आणि मिश्रण ढवळायचं अगदी कमी. साखर नसलेलं मिश्रण जास्त ढवळण्याला अजिबात क्षमा करत नाही. मफिन आतून बोगदे पडल्यासारखा, रबरी होतो. कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबा, गुठळ्या राहिल्या तर राहू द्या.

आणि गोडी? तिथेच माझं तुमच्याशी खरं बोलणं आहे. भाजीत गोडी असते, पण ती तुमच्या हाती येण्याआधी तयार करून घ्यावी लागते. कच्च्या किसात ती मिळत नाही. हे सगळ्यात चांगलं दिसतं ते रताळ्यात.

कच्चं रताळं चावून पाहा, फारसं गोड नसतं. त्यात भरपूर स्टार्च असतो आणि त्या स्टार्चची साखर करणारं एक एन्झाइमही त्याच्याच पोटात असतं, बीटा-अमायलेज. फक्त दोघांची गाठ पडायला ठरावीक ऊब लागते. साठ अंशांच्या पुढे स्टार्च फुगून मऊ होऊ लागतो, तेव्हा एन्झाइम त्याच्यावर काम करू शकतं. ऐंशीच्या आसपास एन्झाइमच निकामी होतं. म्हणजे रताळ्याचं पोट साठ ते पंचाहत्तर अंशांमध्ये जितका वेळ राहील, तितकी माल्टोज नावाची साखर त्यात तयार होत जाते. मायक्रोवेव्हमध्ये पाच मिनिटांत शिजवलेलं रताळं म्हणून सपक लागतं. ते हा टप्पा धावत पार करतं. मी बरेच दिवस घाईत मायक्रोवेव्ह करायचे आणि “या वेळची रताळी गोड नाहीत” म्हणायचे. एकाच ढिगातली दोन रताळी घेऊन एक तसं आणि एक ओव्हनमध्ये सावकाश केलं, तेव्हा फरक जिभेवर इतका स्पष्ट होता की पुन्हा कधी घाई केली नाही.

करायचं असं. मध्यम आकाराची दोन रताळी, साधारण ३५० ते ४०० ग्रॅम. धुऊन, पुसून, सालासकट अख्खी. काट्याने दोनचार ठिकाणी टोचा. थंड ओव्हनमध्येच ठेवा, मग १५० अंशांवर लावा आणि एक तास विसरून जा. त्यानंतर २०० अंशांवर अर्धा तास. सालीतून पाक पाझरून काळपट, चिकट ठिपके दिसू लागले की झालं. तो पाक म्हणजे तुमची साखर. गार झाल्यावर साल सहज सुटते. गर काट्याने कुस्करा, मिक्सरमध्ये घालू नका, खळीसारखा चिकट होतो. काढणीनंतर काही आठवडे ठेवलेली रताळी ताज्यापेक्षा गोड असतात, पण ती फ्रिजमध्ये ठेवू नका, थंडीने गाभा कडक होतो. एकदम चारसहा रताळी भाजून, गर दोनशे-दोनशे ग्रॅमच्या पुड्यांत गोठवून ठेवला तर पुढचे दोन-तीन घाणे सोपे जातात. एक रताळं भाजायला दीड तास ओव्हन लावणं मलाही जिवावर येतं.

माल्टोज साध्या साखरेच्या निम्म्यापेक्षाही कमी गोड लागते, हे मात्र लक्षात असू द्या. म्हणून नुसत्या रताळ्यावर मफिन केकसारखा गोड होणार नाही. रताळं अंग देतं, ओलावा देतं आणि गोडीचा पाया घालतं. वरची गोडी फळाने द्यायची, आणि त्यासाठी फळ पूर्ण पिकलेलं हवं. सालीवर काळे ठिपके आलेलं केळं हे इथलं सगळ्यात भरवशाचं फळ.

गाजर सोडून द्यायची गरज नाही. फक्त ते अख्खं वाफवा किंवा भाजा आणि मग कापा. कापून उकडलं तर त्यातली साखर पाण्यात उतरते आणि ते पाणी आपण ओतून देतो. भाजल्यावर पाणी उडतं, पेशींच्या भिंती मोडतात आणि तीच साखर जिभेला जास्त लागते. लाल भोपळ्यात तर पाणीच नव्वद टक्क्यांच्या वर आणि साखर तीन टक्क्यांच्या आत. त्याचा गर पसरट भांड्यात मंद आचेवर परतून निम्मा केला, तरच तो उपयोगी. चमच्याने रेघ ओढली की भांड्याचा तळ दोन क्षण कोरडा दिसला पाहिजे, तोपर्यंत आटवा. मक्याचे गोड दाणे वाटून घातलेले मला आवडतात, पण मग ब्लूबेरी नको, सफरचंद घ्या. दुधीसारख्या पाणचट भाज्या ओलाव्यासाठी चांगल्या, पण गोडीच्या कामाच्या नाहीत.

मी करते ते बारा मफिन असे. भाजलेल्या रताळ्याचा गर २०० ग्रॅम, सोललेलं पिकलं केळं १५० ग्रॅम. बिया काढलेला खजूर ६० ग्रॅम, तो दोन मोठे चमचे उकळत्या पाण्यात पंधरा मिनिटं भिजवून कुस्करलेला. दही ८० ग्रॅम, अंडी दोन, तेल ७० मिलिलिटर, व्हॅनिला दोन छोटे चमचे. हे सगळं एका भांड्यात नीट एकजीव करा, इथे हवं तितकं फेटलं तरी चालतं. दुसऱ्या भांड्यात कणीक १२० ग्रॅम, मैदा १२० ग्रॅम, बेकिंग पावडर दोन छोटे चमचे सपाट, खायचा सोडा पाव चमचा आणि त्यापेक्षा एक कणही जास्त नाही, दालचिनीची पूड दीड चमचा, मीठ पाव चमचा. ओलं कोरड्यात ओता, पळीने दहाबारा वळसे, आणि शेवटच्या दोन वळशांना १२० ग्रॅम ब्लूबेरी किंवा सफरचंदाचे बारीक तुकडे. गोठवलेल्या ब्लूबेरी असतील तर फ्रीजरमधून थेट घाला, वितळल्या की सगळं मिश्रण जांभळं होतं. मिश्रण घट्ट, चमच्यावरून सावकाश पडणारं असेल. त्याला दहा मिनिटं बसू द्या, तेवढ्यात कणीक पाणी पिते. साचे जवळजवळ काठापर्यंत भरा, साखर नसल्यामुळे हे मिश्रण फार पसरत नाही.

ओव्हन २०० अंशांवर पूर्ण तापलेला हवा. आठ मिनिटं तशी, मग दार न उघडता १७५ वर आणून आणखी चौदा ते सोळा मिनिटं. काडी घालून बघण्यावर फार विसंबू नका, ती फळात घुसली तर ओलीच निघते. बोटाने वरून हलकं दाबा, खड्डा भरून आला तर झाले. आणि बाहेर काढल्यावर अर्धा तास तरी हात लावू नका. गरम असताना स्टार्च अजून बसलेला नसतो. तुमचे मफिन चिकट लागण्यात थोडा वाटा घाईचाही असू शकतो. खायला द्यायचे ते कोमट. तोंडातला घास कोमट असला की गोडी जास्त जाणवते, तोच मफिन फ्रिजमधून थंड खाल्ला तर सपक वाटतो.

दालचिनी आणि व्हॅनिला सढळ हाताने घातले आहेत ते मुद्दाम. यांत साखर नाही, पण हे वास आपल्या डोक्यात गोडाशी इतके जोडलेले असतात की जीभही त्यांचं ऐकते. चिमूट मीठ कडवटपणा दाबून गोडी पुढे आणतं. साखर कमी करताना लोक मीठही काढून टाकतात, तिथे त्यांचं नुकसान होतं.

आता या कृतीत साखर किती, तेही उघड सांगते. रताळ्याची पंधरा-वीस ग्रॅम, केळ्याची अठरा, फळाची बारा आणि खजुराची चाळीसच्या आत. एका मफिनला सात ग्रॅम. तुमच्या जुन्या कृतीत नुसती घातलेलीच साखर साडेबारा ग्रॅम होती. नीट बघितलंत तर या सातांतला जवळजवळ निम्मा वाटा एकट्या खजुराचा आहे. त्याच्या वजनात साठ टक्क्यांहून जास्त साखर असते. खजूर काढला की मफिन चार ग्रॅमवर येतो, आणि तेव्हा तो खरोखर भाजी-फळांवर गोड झालेला मफिन. पण साखरेची सवय असलेल्या जिभेला पहिल्या दिवशी तो पाव वाटेल. म्हणून पहिल्या घाण्यात ६० ग्रॅम खजूर घ्या, चारसहा दिवसांनी ४०, मग २०, मग नाही. एका झटक्यात १५० वरून शून्यावर येणं हीच तुमच्या पहिल्या प्रयत्नाची मोठी अडचण होती. मुलीच्या जिभेला वेळ मिळाला नाही.

तुमच्या आईंचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही. बारा मफिनमध्ये दोन मोठे चमचे, म्हणजे फार तर ३० ग्रॅम साखर घातली तर एकाला अडीच ग्रॅम येते, अर्ध्या छोट्या चमच्याच्या थोडी वर. जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ ची शिफारस अशी आहे की दिवसभराच्या ऊर्जेपैकी दहा टक्क्यांहून कमी ऊर्जा मुक्त साखरेतून यावी, पाच टक्क्यांच्या आत आली तर आणखी चांगलं. अख्ख्या फळांतली, भाज्यांतली आणि दुधातली साखर त्यात धरत नाहीत. घातलेली साखर, मध, सिरप, फळांचा रस हे धरतात. म्हणजे साखरेच्या जागी मध किंवा सिरप घालून “नैसर्गिक” म्हणण्यात मुलीचा काही फायदा नाही. कुस्करलेला खजूर मी स्वतः साखरेच्याच रांगेत बसवते, शिवाय तो दातांना चिकटतो. रात्री झोपायच्या आधी तो देऊ नये. आईंना सांगा की त्यांचे दोन चमचे तुम्ही मान्य करताय, फक्त ते दोनच राहतील याची राखण त्यांनी करायची. घरात एका माणसाने पथ्य आणायचं आणि दुसऱ्याने ते चोरून मोडायचं, यापेक्षा हे कितीतरी बरं. मुलं दोघांकडे बघत असतात.

एक गोष्ट घरातल्या कुणाला मधुमेह असेल म्हणून सांगते. “बिनसाखरेचा” असला तरी मफिनमध्ये मैदा, कणीक, रताळं, केळं आहे, आणि रक्तातली साखर यांच्यानेही वाढते. त्यांच्यासाठी तो मनसोक्त खायचा पदार्थ नाही.

लपवावं की सांगावं? सांगा. या एका बाबतीत माझं मत ठाम आहे. भाजी लपवून खाऊ घातली की ती पोटात जाते, पण मुलीच्या ओळखीची होत नाही. आणि एक दिवस तिला मफिनमध्ये केशरी धागा सापडतो, त्या दिवशी भाजीवरचा विश्वास जातो आणि तुमच्यावरचाही थोडा. नवी चव मुलांना आपलीशी वाटायला आठदहा वेळा, कधी पंधरा वेळाही समोर यावी लागते. एका घासानंतर “आवडत नाही” हा निकाल नसतो, ती सुरुवात असते. भाजलेलं रताळं तिच्या समोर सोला. सालीवरचा तो काळा पाक बोटाने चाटू द्या. गर कुस्करायचं काम तिचं, चार वर्षांच्या हातांना ते उत्तम जमतं. आपण कुस्करलेलं रताळं कुठे गेलं हे शोधत ती मफिन खाईल. नाही खाल्ला तर ताटातून मुकाट्याने उचला, आर्जवं नकोत, बक्षीस तर मुळीच नको. “भाजीचा मफिन खाल्लास तर चॉकलेट” म्हटलं की भाजी ही शिक्षा आहे असंच तिला कळतं.

तिने साबण म्हटलं ते तुम्हाला लागलं असेल. पत्रात तुम्ही ते शब्दशः लिहिलंय, म्हणून म्हणते. दीड तास खपून केलेला पदार्थ मूल थुंकून टाकतं तेव्हा वाईट वाटतंच. पण तिची जीभ किती नेमकी आहे ते बघा, बारा मफिनमधला खरा दोष तिने एका शब्दात सांगितला. पुढच्या घाण्याला तिलाच चाखणारी नेमा.

धाकट्याला द्यायचा असेल तर खजूर आणि मीठ वगळून दोन मफिनपुरतं मिश्रण वेगळं काढा, आणि खजूर, मीठ नंतर बाकीच्यात मिसळा. त्याच्या वाट्याच्या ब्लूबेरी चेपून चपट्या करा, गोल फळ घशात अडकू शकतं. अंडं, गहू आणि दही त्याला आधी वेगवेगळे देऊन झालेले असावेत. आणि तो खाताना समोर बसा.

वाढदिवसाच्या आधी तीन आठवडे आहेत, म्हणजे दर रविवारी एक धरला तर तीन घाणे सहज होतात. पहिला खजुराच्या पूर्ण मापाने, दुसरा ४० ग्रॅमवर, आणि तिसरा मुलगी सांगेल त्या मापाने. वाढदिवसाला मात्र माप कमी करण्याचा हट्ट धरू नका. त्या दिवशी ६० ग्रॅमच घाला, आणि बाकीची पाहुणे मुलं साखरेच्या सवयीची आहेत हेही ध्यानात घ्या. वर काही सजावट हवी असेल तर घट्ट टांगून ठेवलेल्या दह्यात थोडा रताळ्याचा गर आणि व्हॅनिला फेटून गोळा ठेवा, वर एक ब्लूबेरी. हा थर खायच्या आधी तासभरच लावा, नाहीतर खालचा मफिन ओला होतो.

आणि हे मफिन आदल्या रात्री करून डब्यात ठेवू नका. साखर कमी आणि ओलावा जास्त, त्यामुळे ते बाहेर एका दिवसाच्या वर टिकत नाहीत, फ्रिजमध्ये तीन दिवस. सकाळी वेळ नसेल तर आठवडाभर आधी करा, पूर्ण गार झाल्यावर एकेक गुंडाळून फ्रीजरमध्ये टाका, आणि त्या दिवशी १५० अंशांच्या ओव्हनमध्ये दहाबारा मिनिटं गरम करा. थोडे कोमट झाले की वर दही लावा आणि पहिला तिच्या हातात द्या.